सात नंबरचं पाणी

दाराची कडी घाल रे. नुसतं लोटून ठेवलंस तर वारा रात्रभर धडाधडा वाजवत बसेल. हं. आता हा पाऊस ओसरेपर्यंत आपण इथेच, खाली जायचं नाव कोणी काढू नका. झोपायचं असेल त्यानं खुशाल झोपा. माझ्या डोळ्याला काही डोळा लागायचा नाही. या खोलीत तर नाहीच.

का म्हणजे? सांगतो ना. पण मध्ये मध्ये फोन बघायचा नाही. तसाही इथे रेंज नाही, तरी तुमची बोटं वळवळतातच.

हा बाहेरचा खांब, ज्यावर आज तुम्ही नवा डबा बसवलात, तो मानोलनं उभा केलेला. खाली पुलाजवळ राहतो तो मानोल, जरा वाकून चालतो बघा. रोडोपीच्या डोंगरांतल्या या धरणांचं सगळं नेटवर्क एकेकाळी त्या एकट्या माणसाच्या जिवावर चाललं होतं. आधी चौघं होते. एक निवृत्त झाला, एक जर्मनीला गेला, एकाची पाठ गेली. मग कंपनी म्हणाली, आता नेटवर्क आहे, माणसं कशाला? नेटवर्क सांभाळायलाच माणूस लागतो हे त्यांना कोण सांगणार! मानोल बोलणाऱ्यातला नव्हताच. नुसता दमत गेला. इतका की बूट काढताना एका बुटावरच झोप लागायची, दुसरा पायात तसाच.

हे त्यानं मला स्वतः सांगितलं, एकदाच. उरलेलं तिंकानं सांगितलं. ती त्या रात्री धरणावर पाळीला होती. दोघांचं सांगणं तंतोतंत जुळतं, म्हणून तर मला भीती वाटते.

तारीख पाच जानेवारी. दुसऱ्या दिवशी सकाळी योर्दानचा सण, म्हणजे ही घाणेरड्या दिवसांतली, मेलेले फिरतात त्या दिवसांतली शेवटची रात्र. नाताळपासून योर्दानपर्यंत अंधारात एकटं बाहेर पडायचं नाही, आणि कोणी नावानं हाक मारली तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही, हे तुमच्या आज्यांनी तुम्हाला सांगितलं असेलच. हसताय? हसा. मानोलही हसायचा.

तर संध्याकाळी तिंकाचा फोन आला. "मानोलदादा, डोंगरावरचा खांब कुरकुरतोय. अँटेनावर बर्फ धरला असेल. पण घाई नाही हं, वर नदीचं पाणी एकशे चाळीसवर शहाण्या मुलासारखं बसलंय. उद्या गेलास तरी चालेल."

पण उद्या मानोलला पुलावर असायचं होतं. त्याचा मुलगा कालिन सुट्टीला घरी आला होता आणि यंदा क्रॉससाठी पाण्यात उडी मारणार होता. पाद्री क्रॉस फेकणार, गावची पोरं बर्फासारख्या पाण्यात झेपावणार, ज्याच्या हाती लागेल त्याचं वर्ष सोन्याचं. बापाला ते बघायचं होतं. म्हणून म्हणाला, आजच उरकून टाकतो.

घरात बायकोनं, सेव्दानं घेवड्याचं कालवण डब्यात भरलं, पावाचा तुकडा फडक्यात बांधला, आणि म्हणाली, "आजच्या रात्री वर जातोस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"खांबाला दिवस कळत नाहीत गं."

कालिन जेवता जेवता म्हणाला, "बाबा, जाताच आहात तर तुमच्या त्या कॉम्प्युटरला सांगा, सकाळी पाणी जरा कोमट सोड म्हणावं."

"तू आधी पोहायला शिक. मागच्या वर्षी स्तोइलोच्या म्हातारीनं तुला मागे टाकलं असतं."

"मागच्या वर्षी मी इथे नव्हतोच!"

"म्हणूनच वाचलास," मानोल म्हणाला आणि जीप काढली. जाताना पोराच्या डोक्यावर टपली मारली. एवढंच.

आता नीट ऐका, म्हणजे पुढचं कळेल. वर नदीच्या तोंडाशी, धरणाच्या पुष्कळ आधी, एक पेटी असते, यंत्राच्या भाषेत ठाणं, ती येणाऱ्या पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजते. पेटी हाक मारते, डोंगरावरचा हा खांब ऐकतो, धरणाला कळवतो, आणि ऐकलं म्हणून पेटीला ओ देतो. हाक आणि ओ, दिवसरात्र. नेटवर्क म्हणजे दुसरं काय असतं? धरणापर्यंत यायला मुळात दोन वाटा ठेवल्या होत्या, एक या डोंगरावरून, दुसरी दरीतल्या केबलमधून. एक तुटली तर दुसरी चालावी म्हणून. झालं काय, नोव्हेंबरमध्ये दरड कोसळून केबल तुटली. पण दुसरी वाट चालू होती, काम अडत नव्हतं, म्हणून ती कोणी दुरुस्तच केली नाही. तुम्हीही केली नसतीत. काम चालू असलेल्या गोष्टीकडे कोण बघतं?

आणि सकाळी सणामुळे धरणाची दारं दुपारपर्यंत बंद. दरवर्षीचा रिवाज आहे तो, खाली पोरं पाण्यात असताना वरून कोण दार उघडेल? मात्र धरण काठोकाठ भरलं तर दारं आपोआप उघडतात. सण आहे का, खाली कोणाचा मुलगा आहे का, हे ती विचारत नाहीत.

मानोल वर पोचला तेव्हा आठ वाजून गेले होते. आणि जीपचं दार उघडल्याबरोबर त्याला नवल वाटलं. वारा गरम होता. दक्षिणेचा. पाऊस पडत होता आणि पायाखालचा बर्फ पिठल्यासारखा पिचपिचत होता. जानेवारीत! पाऊस आणि वितळलेला बर्फ एकदम नदीला मिळाला म्हणजे काय होतं हे त्याला सांगायला नको होतं. पण तिंका तर म्हणाली एकशे चाळीस. दुपारपासून हललंच नाही म्हणे.

हललं नाही...?

तो आत आला, याच खोलीत. इथेच टेबल होतं. लॅपटॉप जोडला. आणि दुपारपासूनच्या नोंदी चाळल्या.

वरची पेटी दुपारपासून मुकी होती. एक हाक नाही. बुडाली होती, वाहून गेली होती, देव जाणे. आणि धरणावरच्या कॉम्प्युटरचा पडदा दुपारचंच एकशे चाळीस दाखवत बसला होता.

त्याचं कारण मानोलच. डिसेंबरमध्ये बर्फामुळे पेटीची हाक सारखी तुटायची, आणि तुटली की धरणावर भोंगा. रात्रीतून कितीदा तरी. तिंका रडकुंडीला आली, मानोलला ना घरी झोप मिळेना, ना जीपमध्ये. शेवटी एका रात्री त्यानं पेंगत पेंगत यंत्राला सांगून टाकलं, हाक तुटली तर भोंगा नको वाजवूस, शेवटचा आकडा धरून ठेव. किती वेळ धरून ठेवू, असं यंत्रानं विचारलं. त्याला पाच मिनिटं लिहायची होती. डोळे मिटत होते. त्यानं शून्य ठेवलं आणि म्हणाला, उद्या बघू. शून्य म्हणजे अजिबात धरू नकोस, असंच कोणालाही वाटेल. त्या यंत्राला शून्य म्हणजे हद्दच नाही. दमलेल्या माणसाची चूक. तिला काही आवाज होत नाही.

आता वर खरं पाणी किती, कोणालाच माहीत नव्हतं. नदीच्या तोंडाशी जायला त्या रस्त्यानं सकाळ झाली असती. आणि सकाळी कालिन पाण्यात.

त्यानं पेटीला इथून हाका मारल्या. एक. दोन. पाच. ओ नाही.

मग पडद्यावर एक ओळ आली.

अनोळखी ठाणं हाक मारत आहे. ठाणं क्रमांक सात. स्वीकारायचं?

मानोल बघतच राहिला. सात नंबर अनोळखी नव्हता. सात नंबर होता स्तामेनकाकाच्या खोपटातला.

स्तामेनकाका तुम्ही पाहिला नाहीत. पेट्या नव्हत्या तेव्हा नदीच्या तोंडाशी तो राहायचा आणि दर तासाला कंदील घेऊन पाणी मोजायचा, टेलिफोनवर सांगायचा. आयुष्यभर. हिवाळ्यात मिशीला बर्फ लागायचा, पण तास चुकला नाही. मानोलला काम त्यानंच शिकवलं. मग पेट्या आल्या, त्यातली सात नंबरची त्याच्याच खोपटात बसवली. म्हाताऱ्याला घरी पाठवलं. तरी तो चालत वर जायचा, पाणी मोजायचा आणि फोन करायचा, "तुझी पेटी किती म्हणते रे? मी दोनशे तीन म्हणतो." पुढे नदीपलीकडे नवीन ठाणं झालं. खोपट पाडलं, पेटी भंगारात गेली, आणि यादीतून सात नंबर मानोलनं आपल्या हातानं पुसला. म्हातारा त्यानंतर फार जगला नाही. अंथरुणातच गेला. तीन हिवाळे झाले होते त्याला.

...आणि सात नंबर हाक मारत होता.

स्वीकारायचं?

स्वीकारायचं म्हणजे ओ द्यायची. घाणेरड्या दिवसांत, रात्री, नसलेल्याला. मानोल हसणाऱ्यातला होता ना? त्यानं बटणावरचं बोट मागे घेतलं. ओळ गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली.

तिसऱ्यांदा आली तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर कालिन आला, उघडा, पाण्यात उभा, थंडीनं दात वाजवत हसणारा.

त्यानं बटण दाबलं.

दोनशे बारा.

एवढंच आलं. दोनशे बारा.

त्यानं वॉकीटॉकी उचलली. "तिंका. दारं उघड. आत्ता."

"काय रे, बरा आहेस ना? सकाळी सण आहे. हुकूम आहे दुपारपर्यंत बंद ठेवायचा. आणि माझ्या पडद्यावर एकशे चाळीस..."

"ते पाणी खोटं आहे."

"खोटं?"

"मी थांबवलंय ते. डिसेंबरात. तुझा भोंगा बंद करायला. वरची पेटी दुपारपासून मेलेली आहे, तिंका. आत्ता रात्रभर पाणी सोडून जागा केली तर सकाळी दारं बंद ठेवता येतील. नाहीतर धरण भरेल आणि ती आपोआप उघडतील. पोरं पाण्यात असताना."

ती म्हणाली, "पेटी मेली म्हणतोस, मग तुला खरं पाणी कोण सांगतंय?"

मानोलनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"मानोलदादा. कोण सांगतंय?"

"...सात नंबर."

आता तुम्हाला एक सांगायचं राहिलं. स्तामेन म्हणजे तिंकाचा सख्खा मामा.

वॉकीटॉकीतून तिंका अगदी हळू बोलली.

"किती म्हणतोय तो?"

"दोनशे बारा."

"उघडते."

तिनं कोणाला विचारलं नाही. नोकरी गेली असती तिची, दोघांचीही गेली असती. सणाच्या आदल्या रात्री, वर सगळं शांत दिसत असताना, दोन दारं उघडली. कशाच्या भरवशावर? तुम्हीच सांगा.

मग रात्र सुरू झाली. दोनशे तीस. दोनशे चव्वेचाळीस. प्रत्येक आकड्याला ओ द्यावी लागायची, नाहीतर पुढचा येत नसे. मानोल ओ देत होता, तिंकाला सांगत होता, पुन्हा पडद्याकडे बघत होता. हीटरची ऊब. पावसाचा एकसुरी आवाज. आणि आदल्या आठवड्यातली सगळी राहिलेली झोप एकदम अंगावर आली. त्यानं तोंडावर पाणी मारलं. उभा राहिला. भिंतीला टेकला. बसला.

डोकं कधी टेबलावर गेलं, कळलंच नाही.

जाग आली ती आवाजानं. बाहेर कोणीतरी पाय आपटत होतं. आपण घरात शिरण्याआधी बुटांवरचा बर्फ झाडतो ना... तसे. दाराच्या अगदी पलीकडे. एक पाय. दुसरा पाय.

मग खोकला. चढ चढून आलेल्या म्हाताऱ्याचा.

"मानोल..."

मानोल हलला नाही. श्वास धरला. हीटरची लाल तार तेवढी दिसत होती.

कडी घातलेली होती. त्यानंच घातली होती.

"मानोल..."

दुसरी.

त्याला वाटलं, ओरडावं. पण तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. दारावर कोणी हात ठेवला नाही. धक्का दिला नाही. नुसतं कोणीतरी पलीकडे उभं होतं, श्वास घेत. थकलेला श्वास... इतका थकलेला, की मानोल म्हणाला, मला भीतीच्याही आधी त्याची दया आली रे.

मग काहीच नाही. पाऊस.

बराच वेळ.

आणि मग, अगदी हळू, जसं रात्रपाळीतल्या जोडीदाराला उठवतात तसं...

"मानोल. झोपलास?"

"नाही काका," मानोल म्हणाला. त्याला रडू फुटलं. "जागा आहे. सांगा."

पडद्यावर आकडा होता. कधी आलेला, कोण जाणे. ओ मिळाली नव्हती म्हणून तिथेच अडून राहिलेला. तीनशे सहा.

त्यानं ओरडून तिंकाला सांगितलं, तिनं तिसरं दार उघडलं. त्यानंतर मानोल पहाटेपर्यंत उभाच राहिला. आकडे उतरायला लागले. दोनशे नव्वद. दोनशे पन्नास. मग सात नंबरची हाक थांबली. बाहेर कोणाचा पाय वाजला नाही. उजाडल्यावर त्यानं दार उघडलं. बर्फ पावसानं धुऊन निघाला होता, तिथे ठसा कुठून सापडणार? त्यानं शोधलाही नाही. जीपमध्ये बसला आणि खाली आला.

रात्रीच्या पाण्यानं धरणात जागा झाली होती. तिंकानं सकाळी दारं पुन्हा लावली. नदी गढूळ होती, पण माणसाच्या कमरेइतकी, दरवर्षीसारखीच. बँड वाजत होता. पाद्र्यानं क्रॉस फेकला, पोरं आरडाओरडा करत झेपावली. मानोल काठावर चिखलात उभा होता, दोन्ही हात कोटाच्या खिशात. क्रॉस मिळाला खाटकाच्या पोराला. कालिन निळा पडून बाहेर आला, शिव्या देत, हसत.

"बाबा, कोमट सांगितलं होतं मी!"

मानोलनं त्याला तसाच ओला छातीशी धरला. पोरगं म्हणालं, "अहो, कोट भिजतोय," तरी सोडलं नाही. बायका बघून हसत होत्या. सेव्दा घोंगडी घेऊन धावत आली. कालिन तिच्यात गुरफटून चालू लागला आणि मग मानोलनं मान वर केली.

पुलाचा मधला खांब तुम्हाला माहीत आहे. पाण्यात आहे तो, शिडी लावायलाही जागा नाही. पूर आला की पाणी जिथवर चढलं तिथे लाल रंगाची रेघ ओढायची आणि बाजूला तारीख घालायची, हे पूर्वी पाणी मोजणाऱ्याचं, म्हणजे स्तामेनकाकाचं काम असायचं. कित्येक वर्षांत ते कोणी केलं नव्हतं.

खांबावर रेघ होती. नवी. तारीख त्याच सकाळची, सहा जानेवारी. पाणी तिथवर चढलंच नव्हतं, त्याच्या निम्म्यावरही आलं नव्हतं; दारं सकाळी आपोआप उघडली असती तर चढलं असतं. मानोलनं कालिनकडे पाहिलं, मग पुन्हा रेघेकडे. पोरानं पाण्यात उभं राहून दोन्ही हात वर केले असते तरी बोटं तिथे पोचली नसती.

रंग अजून ओला होता. खांबावरून खाली ओघळत होता.